नर्मदा परिक्रमा पायी करताना: बंद वाटा, वळसे आणि बदललेला किनारा

परिक्रमेला निघणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच गोष्ट मागतो: "मुक्कामांची यादी पाठवा ना." यादी मिळते. ती घेऊन माणूस निघतो आणि थोड्याच दिवसांत कुठल्या तरी गावात कोणीतरी सांगतं, "बाबाजी, आगे रास्ता डूब में है." यादीतला पुढचा मुक्काम पाण्याखाली असतो, नाहीतर आश्रम वर गावात हलवलेला असतो, नाहीतर मधल्या ओढ्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेलेला असतो.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले तर २६०० च्या पुढे. प्रत्यक्षात पायी चालणाऱ्याचे ३००० च्या वर होतात. ही वाढ वळशांची आहे. धरणांच्या फुगवट्यामुळे (भिंतीमागे साठून पसरलेल्या पाण्यामुळे), पुरांमुळे, वाळूउपशामुळे आणि नव्या बांधकामांमुळे वाट दरवर्षी, काही ठिकाणी तर दर महिन्याला बदलते. म्हणून हा लेख मुक्कामांची यादी देत नाही. वाट बंद निघाली तर काय करायचं, कोणाला विचारायचं आणि कोणता वळसा घेतल्याने संकल्प मोडत नाही, एवढंच सांगतो. क्रम ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघणाऱ्यांचा धरला आहे, कारण महाराष्ट्रातले बहुतेक जण तिथूनच परिक्रमा उचलतात.

१. आधी नियम पक्का करा, मग वळसा घ्या

मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला. ती ओलांडायची नाही. अपवाद फक्त समुद्रसंगमाचा. बाकी सगळे वळसे या एका नियमाला धरून ठरतात.

नवख्यांना वाटतं की किनारा सुटला म्हणजे परिक्रमा मोडली. तसं नाही. वाट किनाऱ्यापासून कितीही आत गेली तरी चालतं, फक्त प्रवाहाची बाजू बदलता कामा नये. उलट किनाऱ्याच्या हट्टापायी कोणाच्या होडीत बसून फुगवट्याची एक खाडी पार केली, तर मात्र प्रश्न उभा राहतो. कारण उपनदी ओलांडायला पूर्ण मुभा आहे, पण धरणाचं पाणी उलटं उपनदीच्या खोऱ्यात शिरलेलं असेल, तर ते पाणी मैयाचंच, असं जुने परिक्रमावासी मानतात. मग जिथे उपनदी स्वतःच्या पाण्याने वाहताना दिसते, तिथपर्यंत वर चालत जायचं आणि तिथून पलीकडे. नकाशावर अर्ध्या किलोमीटरची दिसणारी खाडी कधी कधी अख्खा दिवस खाते, ती यामुळे.

बेटावर जाणं म्हणजेही ओलांडणंच. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. दर्शन संकल्पाच्या आधी करून घ्या. संकल्प झाला की ममलेश्वराचं दर्शन घेऊन दक्षिण तटानेच चालू लागायचं. पूल समोर दिसतो, मंडळी बोलावतात, "अहो, पाच मिनिटांचं काम आहे." जायचं नाही.

कालव्यातलं पाणीही मैयाचंच, मग तो ओलांडायचा कसा, असा वाद घालू नका. सरदार सरोवराचा मुख्य कालवा उत्तर तटावरूनच निघतो. उत्तर तटाने चालणाऱ्या प्रत्येकाला तो पुलावरून ओलांडावाच लागतो.

वळशापुरतं वाहन घ्यावं का? याचं उत्तर तुमच्या संकल्पात आहे. 'पायी' असा संकल्प सोडला असेल तर वळसाही पायीच. काही आश्रमांत "बसून जा, काही होत नाही" म्हणतील, काही ठिकाणी रागावतील. निघण्यापूर्वी स्वतःशी ठरवा, म्हणजे भर उन्हात डांबरी रस्त्यावर ठरवावं लागत नाही.

२. पाण्याचं वेळापत्रक समजून घ्या

आषाढी एकादशीपासून चातुर्मासात परिक्रमा थांबते. काही जण दसरा-कोजागरीला उचलतात, बरेचसे कार्तिकी एकादशीनंतर. इथे एक गोम आहे. पावसाळा संपतो तेव्हा चालायला हवा उत्तम असते, पण धरणं तुडुंब असतात. म्हणजे किनाऱ्याची वाट सगळ्यात जास्त बंद असते ती नेमकी तुम्ही निघता तेव्हा.

सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि वापरायची किमान पातळी ११०.६४ मीटर. दोन्हींत २८ मीटरचा फरक. इंदिरासागरची पूर्ण पातळी २६२.१३, किमान २४३.२३. उतारावरच्या गावात २८ मीटर म्हणजे घाट, मंदिर, शाळा आणि अर्धं गाव. तोच किनारा कार्तिकात पाण्याखाली असतो आणि वैशाखात उघडा पडतो. उघडा पडला म्हणजे चालण्याजोगा झाला, असंही नाही. वरून वाळून भेगा पडलेला गाळ दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. गुरांच्या खुरांचे ठसे जिथे आहेत तेवढ्याच पट्ट्यावरून चाला. जिथे गुरंही गेलेली नाहीत तिथे तुम्हीही जाऊ नका.

जुनी वर्णनं वाचताना वर्ष आधी बघा. सरदार सरोवराचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. त्याआधी लिहिलेली शूलपाणी झाडीतली (बडवानी ते गोरा या जंगलपट्ट्यातली) किनाऱ्याची वाट वाचायला सुरेख आहे, चालायला शिल्लक नाही. इंदिरासागरमुळे हरसूद गाव २००४ मध्ये गेलं. त्याआधीच्या टिपणांतला हंडिया ते ओंकारेश्वर हा टप्पाही तसाच बाद. आणि खाली गुजरातेत चांदोद, भरूच या भागात सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेल्या पाण्याने मोठा पूर आला होता. त्यामुळे तिथल्या नदीकाठच्या उतरण्याच्या जागांची २०२३ पूर्वीची माहितीही फोन करून ताडून घ्या.

३. कागद आणि सामान

कागद थोडेच, पण कोरडे हवेत:

- आधार कार्ड आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- परिक्रमावासी असल्याचं पत्र. ओंकारेश्वरला नगर परिषदेकडे नोंद करून घ्या. आडवळणाच्या गावात, रात्री उशिरा पोचल्यावर, हे पत्र बोलण्यापेक्षा जास्त कामाला येतं.
- शिक्क्यांची वही. प्रत्येक मुक्कामी शिक्का आणि तारीख. वळसा घेतला तर कुठून वळलात आणि पुन्हा किनाऱ्याला कुठे लागलात, हेही त्याच पानावर लिहा.
- घरच्यांचे फोन नंबर कागदावर. फोन बंद पडतो.
- चालू औषधांची चिठ्ठी

सामानात वळशांसाठी म्हणून वेगळं लागतं ते असं: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, पॉवर बँक, टॉर्च, निदान दोन वेळचा कोरडा शिधा, पाण्याची जास्तीची एक बाटली. किनाऱ्याने चालताना दर काही किलोमीटरवर आश्रम आहेत, चहा आहे, "नर्मदे हर" म्हणून हाक मारणारी माणसं आहेत. वळशाच्या रस्त्यावर यातलं काही असेलच असं नाही, कारण तो परिक्रमेचा रस्ताच नसतो. तिथल्या लोकांना तुम्ही कोण, हे सांगावं लागतं. दंड, कमंडलू आणि पूजेची कुपी तुमच्याकडे असेलच. दंडाचं खालचं टोक बोथट झालं असेल तर नीट करून घ्या. गाळाचा आणि ओढ्याचा अंदाज त्यानेच येतो.

फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा, पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. पहिली: चालण्याचा मार्ग विचारला की नकाशा जवळचा रस्ता दाखवतो आणि त्यासाठी बेधडक मैयावरच्या पुलावरून नेतो. त्याला तुमचा संकल्प माहीत नाही. म्हणून थेट मुक्कामाचं गाव टाकू नका. त्याच तटावरचं पुढचं छोटं गाव टाका, मग त्याच्या पुढचं. दुसरी: उपग्रहाचं चित्र एखाद्या उन्हाळ्यात घेतलेलं असू शकतं. त्यात दिसणारी पायवाट आज तीन पुरुष पाण्याखाली असेल.

४. वाट कोणाला विचारायची

परिक्रमेत एक अडचण आहे, जी दुसऱ्या कुठल्या पायी प्रवासात सहसा येत नाही. सगळे एकाच दिशेने चालतात. त्यामुळे समोरून कोणी येत नाही. "पुढे कसा आहे रस्ता?" असं विचारायला परतणारा वाटसरूच नसतो. तुमच्यापुढे दोन दिवस असलेल्या माणसाला माहीत असतं, पण तो पुढेच जात राहतो.

यावर उपाय दोन. चालताना ओळख झालेल्यांचे नंबर घ्या आणि जो पुढे गेला त्याला रोज संध्याकाळी एक फोन करा. मागून येणाऱ्यांना तुम्ही तेच सांगा. मोठमोठ्या ग्रुपवर "रास्ता बंद है" असा निरोप फिरत असतो, पण तो कधीचा, कोणत्या तटाचा, काही कळत नाही. एका माणसाचा फोन बरा.

दुसरा उपाय म्हणजे दूधवाला. पुढच्या गावांतून सकाळी दूध गोळा करून मोटारसायकलवर येणारा माणूस त्याच दिवशी त्या वाटेने आलेला असतो. रपटा उघडा आहे का, चिखल किती, कुठे झाड पडलंय, सगळं त्याला ठाऊक. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली त्याची गाडी जिथून येते, तिथून तुमचे पाय नक्की जातात. त्याच्याखालोखाल मासेमारी करणारे केवट आणि गुराखी. आश्रमातले बाबाजी प्रेमाने सांगतात, पण पुष्कळदा ते वर्षभर आश्रम सोडून गेलेले नसतात.

प्रश्न नेमका विचारा. "रास्ता ठीक है?" याचं उत्तर नेहमी "हाँ, बढ़िया है" असंच येतं. त्याऐवजी विचारा: "आज सुबह कोई इधर से गया क्या?", "नाले में पानी कहाँ तक है, घुटना या कमर?", "किनारा कहाँ छूटेगा और वापस कहाँ मिलेगा?" तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. किनारा सोडायचं गाव आणि पुन्हा लागायचं गाव, ही दोन नावं मिळाली की मधलं गावोगावी विचारत जाता येतं. अंतराच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. "बस, दो किलोमीटर" हा आकडा नसून धीर देण्याची पद्धत आहे.

५. दक्षिण तट: ओंकारेश्वर ते गोरा

सुरुवातीचा पट्टा सोपा. मोरटक्का, पुढे रावेरखेडी, जिथे थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. महेश्वरचं धरण रखडलेलं असल्याने इथला किनारा बराचसा जुनाच आहे. समाधीपाशी जरा थांबा. १७४० मध्ये उत्तरेच्या वाटेवर असताना या माणसाचा इथे शेवट झाला, आणि आजही मराठी परिक्रमावासी नसतील तर इथे फारसं कोणी फिरकत नाही.

किनारा खऱ्या अर्थाने सुटतो तो बडवानीच्या आसपास. राजघाट हा जुना मुक्काम सरदार सरोवराच्या फुगवट्यात येतो. धरण भरलेलं असताना तिथे उतरायचं मनात आणू नका. बडवानी गावात आसन लावा आणि पुढचं तिथेच ठरवा. पुढे दोन पर्याय आहेत.

पहिला, झाडीतला. पाटी-बोकराटा करत सातपुड्यात शिरायचं, महाराष्ट्रात धडगाव-मोलगीच्या मुलखातून जायचं आणि गुजरातेत डेडियापाडा तालुक्यातले डोंगर उतरून गोऱ्याला लागायचं. चढ-उतार खरोखर दमवणारे, वस्ती विरळ, फोनला रेंज तुटक. इथले भिल्ल-पावरा लोक परिक्रमावासींना एके काळी लुटत, अंगावरचे कपडेसुद्धा घेत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आता तेच लोक घरात जागा देतात आणि भाकरी वाढतात. भीती बाळगायची तर वाट चुकण्याची बाळगा. डोंगरात दोन पायवाटा फुटतात तिथे ठळक वाट बहुधा कोणाच्या तरी शेतातल्या घराकडे जाते. दुपारी तीननंतर नव्या घाटाला हात घालू नका.

दुसरा, बाहेरचा. खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपीपला. सपाट, डांबरी, वाहनांची वर्दळ आणि मैयापासून चांगलाच लांब. प्रकाशाला तर तुम्ही तापीच्या काठी असता. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्याबरोबर वयस्क आहेत किंवा ज्यांना अवकाळी पावसाने गाठलंय, त्यांनी हाच धरावा. "झाडी टाळली म्हणजे अर्धी परिक्रमा" असं ऐकवणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे चला. नियमाला इथे कुठेही धक्का लागत नाही.

ज्या शूलपाणेश्वरावरून झाडीला नाव पडलं ते मूळ मंदिर पाण्याखाली गेलं. नवं मंदिर गोऱ्याला आहे. धरणाच्या आसपासच्या भागात आता स्टॅच्यू ऑफ युनिटीमुळे पर्यटकांचा आणि बंदोबस्ताचा राबता असतो. दरवर्षी ३१ ऑक्टोबरला तिथे एकता दिवसाचा मोठा कार्यक्रम होतो. त्या सुमारास नाके, अडथळे आणि वळवलेले रस्ते धरून चाला. धरणाच्या भिंतीजवळ किनाऱ्याने जायचा प्रयत्न करू नका, सुरक्षा रक्षक परत पाठवतात.

चैत्रात या बाजूला येणार असाल तर आणखी एक गोष्ट. रामपुरा ते तिलकवाडा हा उत्तरवाहिनी परिक्रमेचा साधारण २१ किलोमीटरचा फेरा महिनाभर गर्दीने वाहतो. आश्रम भरलेले असतात आणि नदी ओलांडायची सोय जागोजाग केलेली असते. ती त्या मंडळींसाठी आहे. गर्दीच्या लोंढ्यात तुम्ही होडीत चढू नका.

६. समुद्र: होडी कधी, आणि बंद असेल तर?

दक्षिण तट संपतो विमलेश्वरला. तिथून होडीने खंभातच्या आखातातून मीठी तलाई, म्हणजे उत्तर तट. संपूर्ण परिक्रमेत मैयाचं पाणी ओलांडायची मुभा असलेली ही एकच जागा, आणि इथलं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हातात. भरती आल्याशिवाय होडी खाडीतून बाहेर निघत नाही. कधी रात्री-पहाटे निघते, कधी दुपारी. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे, त्यामुळे वेळ चुकली की नाव चिखलात बसते आणि पुढच्या पाण्याची वाट बघावी लागते.

करायचं ते असं. पोचल्याबरोबर नाव नोंदवा, आंघोळ नंतर. परिक्रमावासी साचले असतील तर एक-दोन दिवस थांबावं लागेल हे धरून चाला. अंकलेश्वर-हांसोटच्या पट्ट्यातच कोरडं खाणं घ्या. पुढे पाणी खारं आहे, म्हणून गोडं पाणी भरून ठेवा. होडीत पिशवी मांडीवर, कागद प्लॅस्टिकमध्ये. उतरताना गाळात उतरावं लागू शकतं, चपला हातात घ्या. आणि होडी झेपेल त्यापेक्षा जास्त भरली जातेय असं वाटलं, तर सरळ मागे राहा. पुढची भरती बाराएक तासांनी येतेच.

हवा बिघडली किंवा प्रशासनाने होड्या थांबवल्या, तर दोनच मार्ग: थांबणे, किंवा मागे फिरून भरूचच्या पुलावरून उत्तर तटाला जाणे. वाहनाने परिक्रमा करणारे अनेक जण पुलानेच जातात. पायी संकल्प असलेल्यांना माझा सल्ला थांबण्याचा आहे. इथपर्यंत आलेल्या माणसाला चार दिवस जड नसतात.

७. उत्तर तट: कारखाने, संगम आणि फुगवटे

मीठी तलाईहून निघालात की दहेजचा औद्योगिक पट्टा लागतो. कंपन्यांच्या भिंतींनी किनारा अडवलेला आहे. निमूटपणे रस्ता धरा आणि समोरून ट्रक येतात त्या बाजूने चाला. भाडभूतजवळ नदीवर बंधाऱ्याचं मोठं काम काढलेलं आहे, त्यामुळे तिथेही वाट जशी वळवली असेल तशी घ्या.

चांदोदला एक सापळा आहे, आणि तो अगदी प्रेमाने लावलेला. इथे ओरसंग नदी मैयाला मिळते; पलीकडे करनाळी. नावाडी म्हणतो, "बसा, दोन मिनिटांत सोडतो." ओरसंग ओलांडायला हरकत नाही, पण त्याची नाव संगमातून, म्हणजे नर्मदेच्या पाण्यातून जाते. वर सरका आणि ओरसंग तिच्याच पात्रातून पार करा. पाणी किती आहे ते स्थानिकांना विचारून.

गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे. बहुतेक मराठी मंडळी इथे एखादा दिवस जास्त राहतात. राहाच, कारण यानंतर पुन्हा सरदार सरोवराचा फुगवटा, या वेळी उत्तरेकडून. वाट आत वळते ती कवांट, अलीराजपूर, कुक्षी अशी. हापेश्वराचं जुनं मंदिरही पाण्यात गेलं, नवं वर बांधलं आहे. महेश्वर-मंडलेश्वरला पुन्हा खरा घाट भेटतो.

बडवाहनंतरच्या जंगलात आणि पुढे नेमावरपर्यंत ओंकारेश्वर आणि इंदिरासागर या दोन धरणांचे फुगवटे पाठोपाठ येतात. जुन्या वर्णनांतलं धाराजीचं तीर्थ शोधू नका, ते फुगवट्यात गेलं. इथे सोबत असल्याशिवाय जंगलात शिरू नये.

८. कोरड्या दिवशी येणारं पाणी

याला वेगळा मथळा दिला, कारण बंद वाटेमुळे फार तर पायपीट होते, इथे जीव जातो. ७ एप्रिल २००५ ला धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेत हजारो लोक पात्रात उतरलेले असताना इंदिरासागरमधून सोडलेलं पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले. पाऊस नव्हता, पूर नव्हता, एप्रिलमधली कोरडी रात्र होती.

वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की धरणाखालची पातळी तासाभरात चढते. म्हणून बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर यांच्या खालच्या पट्ट्यात पात्रातल्या खडकांवर झोपायचं नाही, सामान ठेवून दूर जायचं नाही, भोंगा ऐकू आला की आंघोळ अर्धी सोडून वर यायचं. घाटाच्या पायऱ्यांवर ओली रेघ बघायची सवय लावा. ती पाण्याच्या वर असेल तर पाणी उतरतंय. रेघच दिसत नसेल आणि कोरडी पायरी डोळ्यांदेखत भिजत असेल, तर चढतंय.

वाळूउपसा झालेल्या किनाऱ्यावरही असंच. नर्मदापुरम, सीहोर या भागात यंत्रांनी खणलेले खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं डोक्यावर. घाट सोडून आंघोळ नकोच. मगरींचे फलक असतील तिथे फलकाचं ऐका.

९. अमरकंटक आणि परतीचा दक्षिण तट

जबलपूरनंतर बरगीचा फुगवटा मंडल्याच्या दिशेने पसरतो. खोऱ्यांत शिरलेल्या खाड्या अनेक, नियम तोच. डिंडोरीच्या पुढे नदी लहान होत जाते आणि अमरकंटकजवळ इतकी लहान की ओलांडल्याचं कळतही नाही. खरा धोका इथे आहे. शेतातला ओहोळ समजून टांग टाकून पलीकडे गेलेले लोक आहेत. छोटे बंधारे, पायवाटेवरच्या पुलिया, तळ्याच्या कडा, सगळीकडे आधी विचारा: "ये मैया है या नाला?" उगमाला बाहेरून वळसा घालूनच दक्षिण तटाला यायचं, स्थानिक पुजारी वाट दाखवतात.

परतीला नरसिंहपूर भागात ऊस आणि काळी माती. मावठा पडला तर चपलेला शेर-शेर माती चिकटते आणि किनारा दोन-तीन दिवस विसरावा लागतो. शेताभोवती रानडुकरांसाठी तारा लावलेल्या असतात, काहींत वीज सोडलेली असते. पहाटे अंधारात बांधावरून चालू नका. उजाडल्यावर निघा.

नर्मदापुरमच्या अलीकडे बांद्राभानला तवा मिळते. पात्र रुंद आहे, पुलाने पार करा. हंडियानंतर शेवटचा मोठा वळसा, इंदिरासागरचा. साठवणक्षमतेत हे देशातलं सर्वांत मोठं धरण, तेव्हा किनाऱ्याचा नाद सोडा. हरदा, छनेरा म्हणजे नवं हरसूद, आणि तिथून खंडवा जिल्ह्यातल्या रस्त्याने ओंकारेश्वर. या टप्प्यात मुक्काम विरळ आहेत, ऊन वाढलेलं असतं आणि संपत आलं म्हणून लोक घाई करतात. आदल्या संध्याकाळी पुढच्या मुक्कामाला फोन केल्याशिवाय निघू नका.

१०. मध्येच थांबावं लागलं तर

आजारपण, घरचं काही, किंवा वाट बंद आणि पर्यायही बंद. अशा वेळी जिथे थांबलात त्या जागेची नोंद वहीत करा: गाव, तट, तारीख, शक्य असेल तर आश्रमाचा शिक्का. कुपीतलं जल घरी नेलंत तर देवघरात ठेवा. परत आल्यावर त्याच गावातून, त्याच तटाने पुढे चालायला लागायचं. खंड करून परिक्रमा पुरी करणारे पुष्कळ आहेत.

आषाढी जवळ आली आणि परिक्रमा पुरी होत नसेल, तर चातुर्मासाची जागा आधीच शोधा, ज्येष्ठ लागला की लगेच. चार महिने राहू देणारे आश्रम थोडे असतात आणि तिथे सेवेची अपेक्षा असते. भांडी, झाडलोट, गोशाळा. जागा निवडताना ती नदीपासून किती वर आहे हे बघा आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून भिंतीवर दाखवून घ्या.